'ग्रब रेस्क्यू' दिसलं? फॉरमॅटची घाई नको
पार्टिशन डिलीट केल्यावर लिनक्सऐवजी काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' आलं, की डेटा गेला असं वाटतं. बहुतेकदा लिनक्समधला डेटा जागेवरच असतो.

जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये बूट कोडला जेमतेम 446 बाइट मिळतात. म्हणून ग्रबच्या बाकी फाइल्स सहसा लिनक्सच्या पार्टिशनवर असतात. पार्टिशनचा क्रमांक बदलला, की ग्रबकडचा पत्ता चुकतो.

अशा वेळी 'एलएस' कमांडने लिनक्सचं पार्टिशन शोधावं. 'सेट'ने 'रूट'मध्ये ते पार्टिशन आणि 'प्रीफिक्स'मध्ये तिथल्या ग्रब फोल्डरचा पत्ता द्यावा. मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि शेवटी 'नॉर्मल' टाइप केलं, की मेन्यू येतो. लिनक्स सुरू झाल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' पूर्ण डिस्कवर चालवावं. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तीच स्क्रीन दिसेल.