निसर्गविहारासाठी वास्तव्य (मुळशी तालुका)

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मुळशी तालुका हा गिरिभ्रमण, दुर्गभ्रमण व पक्षिनिरीक्षण यांच्या ओढीने शहराबाहेर घर करू पाहणाऱ्यांच्या पसंतीचा प्रदेश आहे. तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना येथे वस्ती विरळ होत जाते आणि पाऊस वाढत जातो. त्यामुळे निवांतपणा व सोयी यांची सांगड कोठे घालायची, यावर घराची जागा ठरते.

स्थाननिवड

पूर्वेकडील हिंजवडी, भूगाव व पिरंगुट या गावांचे झपाट्याने नागरीकरण झाले आहे. पौडच्या पश्चिमेस मुळशी जलाशय व ताम्हिणी घाट आहेत. ताम्हिणी हे राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक असून २०१३ मध्ये तेथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. या भागात शांतता मिळते. परंतु दरडींमुळे पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडू शकतो आणि मोठी रुग्णालये दूर राहतात.

गर्दीचे स्वरूप

गर्दी मुख्यतः पावसाळ्यातील शनिवार-रविवारी होते. जुलै २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने मुळशीसह अनेक तालुक्यांतील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले होते. स्थानिक रहिवाशास आठवड्यातील इतर दिवस, पहाटेची वेळ व हिवाळा यांचा लाभ घेता येतो. तालुक्यातील कोरीगडाच्या तुलनेत घनगड व कैलासगड या किल्ल्यांवर वर्दळ कमी असते.

जमीनखरेदी

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून सातबारा उतारा, अकृषिक परवानगी, पोहोचरस्ता व उन्हाळ्यातील पाण्याची सोय तपासणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आज निर्मनुष्य भासणारा जलाशयाचा परिसर पूर्वी शेती व वस्तीचा होता. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर बांधलेल्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. तरीही धरण पूर्ण झाले व अनेक गावे पाण्याखाली गेली. पुढे वरसगाव जलाशयाकाठी उभ्या राहिलेल्या लवासा या गिरिस्थान प्रकल्पाचे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवण्याचे आदेश दिले. निवांतपणाच्या शोधात येणारी नवी वस्तीही येथील जमीन, पाणी व जंगल यांवर भार टाकते; तो निवांतपणा टिकणे वस्तीच्या मर्यादेवरच अवलंबून आहे.