उजनीच्या वर की उजनीच्या खाली?

उन्हाळा लागला की सोलापूरकर रोजच्या पेपरात दोन आकडे शोधतो. एक पाऱ्याचा, दुसरा उजनीचा. पारा चाळिशी ओलांडतो, त्याचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. उजनी ‘मायनस’मध्ये गेली की मात्र चहाच्या टपरीपासून झेडपीपर्यंत दुसरा विषय नसतो. धरण शून्याच्या खाली कसं जातं, हे पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा. उरलेला सुमारे 54 टीएमसी उपयुक्त साठा. टक्के मोजतात ते या उपयुक्त साठ्याचे. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्यात हात घातला की वजा. 2024 च्या जूनमध्ये हा आकडा वजा साठ टक्क्यांच्या आसपास पोचला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं आणि भीमेत पाणी सोडायची वेळ आली.

पुढच्या वर्षी सीनेने कळस केला. एरवी पात्रात बाभळी दिसणारी ही नदी. सप्टेंबर 2025 मध्ये ती अशी फुगली की माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर इथली गावंच्या गावं पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. ज्या करमाळा-माढ्यात 2023 च्या ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळ जाहीर केला होता, तिथेच दोन वर्षांनी बोटी लागल्या.

तेव्हा हवामान बदललंय की नाही, हा सोलापुरात वादाचा विषयच नाही. ज्वारीचा शेतकरी सांगतो, बीडी कामगार सांगते, आमदारही भाषणात सांगतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या अभ्यासावर इथे कुठल्या पक्षाने मोर्चा काढला नाही. मग हवामानबदल हा जगभर पक्षापक्षांत फूट पाडणारा विषय झाला, असं जे म्हणतात, ते आपल्याला लागू आहे का?

अमेरिकेला ते लागू आहे, पण तिथेही पहिल्या दिवसापासून नव्हतं. जून 1988 मध्ये नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी तिथल्या सिनेटच्या समितीपुढे पृथ्वी तापत असल्याची साक्ष दिली. त्याच वर्षी थोरले बुश निवडणूक लढवत होते. ते रिपब्लिकन, आणि हरितगृह परिणामाशी लढण्याचं आश्वासन देत होते. 1992 च्या रिओ परिषदेत हवामान करारावर अमेरिकेची सही झाली ती त्यांच्याच काळात. 2008 साली न्यूट गिंग्रिच आणि नॅन्सी पलोसी हे दोन पक्षांचे कट्टर विरोधक एका सोफ्यावर बसून हवामानासाठी जाहिरात करत होते. पुढे गिंग्रिच यांना त्या सोफ्याचा जाहीर पश्चात्ताप करावा लागला. मधल्या काळात उपायांचं बिल दिसू लागलं होतं. कार्बनवर कर लावायचा, कोळशाला लगाम घालायचा, तर भार ठरावीक उद्योगांवर आणि ठरावीक राज्यांवर पडणार होता. त्या उद्योगांनी विज्ञानावर शंका घेण्यासाठी पैसा ओतला. उपाय नकोसा म्हणून निदानच खोटं, इथपर्यंत गाडी आली. एकदा ते पक्षाच्या ओळखीत मिसळलं की थर्मामीटर दाखवून कुणाचं मत बदलत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर असं काही झालं नाही, याचं एक कारण आपली भूमिका फार आधी ठरून गेली. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्ये मांडलं होतं की, हवेत धूर श्रीमंत देशांनी सोडला आणि हिशेब गरिबांकडे मागताहेत. हे म्हणणं काँग्रेस सरकारांनाही पटलं, भाजप सरकारांनाही. बाहेर बोट दाखवता येतं तोवर घरात भांडण होत नाही.

भांडण होतं ते पाण्याच्या दारात. आणि तिथे पक्ष कुठला हे कुणी विचारत नाही. तू धरणाच्या वरचा की खालचा, एवढंच विचारतात.

2013 चा दुष्काळ आठवा. उजनीत पाणी सोडावं म्हणून सोलापूर जिल्ह्यातले शेतकरी प्रभाकर देशमुख मुंबईत आझाद मैदानावर कित्येक आठवडे उपोषणाला बसले होते. त्या उपोषणाची खिल्ली उडवताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत जे बोलून गेले, ते महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेशही केला. पण त्या बोलण्याच्या गदारोळात मूळ मागणी मागे पडली. पुणे जिल्ह्यातल्या वरच्या धरणांत पाणी होतं आणि उजनी कोरडी होती. गंमत अशी की, तेव्हा माढ्याचे खासदार होते शरद पवार. म्हणजे पाणी मागणारा मतदारसंघ आणि पाणी अडवल्याचा आरोप ज्यांच्यावर, ते दोन्ही एकाच पक्षाचे.

आठ वर्षांनी तोच खेळ नव्याने रंगला. 2021 मध्ये उजनीतलं पाच टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला देण्याचा निर्णय झाला. कागदावर ते पुण्याहून वाहत येणारं सांडपाणी होतं. सोलापूरचे तेव्हाचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे हे इंदापूरचेच आमदार, तेव्हा जिल्ह्यात आगडोंब उसळला. आंदोलनं झाली, आणि अखेर जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी आदेश रद्द केला. भरणे राष्ट्रवादीचे, पाटील राष्ट्रवादीचे, रस्त्यावर उतरलेल्यांतही राष्ट्रवादीचे लोक होते. अशा वेळी टीव्हीवरची पक्षनिहाय चर्चा बघणाऱ्याला काहीच कळणार नाही.

खालच्या अंगालाही तीच रीत. सोलापूर शहराला लागणारं बरंचसं पाणी वर्षानुवर्षं भीमा नदीतून सोडलं जात आलं आहे. शहराची खरी गरज त्या मानाने थोडी, पण बंधाऱ्यापर्यंत पोचवायला नदीत पाच-सहा टीएमसी सोडावे लागतात. वाटेत वाळू पिते, ऊन पितं आणि नदीकाठच्या मोटारीही पितात. पाणी निघालं की काठावरच्या पंपांची वीज तोडण्याचे आदेश निघतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला वाटतं, आपल्या उभ्या पिकाच्या डोळ्यांदेखत शहराचं पाणी चाललंय. शहरातल्या बाईला चार-पाच दिवसांआड, तेही रात्री-अपरात्री नळ येतो. तिला वाटतं, आपलं पाणी उसाने पळवलं. दोघांचंही खरं आहे. यावर उतारा म्हणून उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी ठरली, आणि ती किती निवडणुकांच्या जाहीरनाम्यांत वाहिली, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

उसाचं नाव निघालंच आहे तर तिथे थोडं थांबू. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा. आणि साखर कारखाने तीसहून अधिक, राज्यात सर्वाधिक. याला शेतकऱ्याची हाव म्हणणं सोपं आहे. पण ऊस हे एकच पीक असं, ज्याचा दर कायद्याने ठरतो आणि जे गारपिटीत पूर्ण झोपत नाही. हवामान जितकं लहरी, तितका शेतकरी उसाला चिकटतो, आणि ऊस जितका वाढतो तितकं दुष्काळाचं वर्ष जास्त बोचतं. हे चक्र मोडायचं कुणी? जिल्ह्यात आमदारकी आणि कारखान्याची चेअरमनकी एका घरात नांदण्याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि ही घरं सगळ्या पक्षांत विखुरलेली आहेत. काही घरं तर एका पिढीत तीन पक्ष फिरून आलेली. त्यामुळे उजनीच्या पाण्यावर किती ऊस असावा, हा प्रश्न कुठल्याच जाहीरनाम्यात येत नाही. माझ्या मते आपल्याकडचा खरा दोष इथे आहे. अमेरिकेत पक्ष नको इतके भांडतात, आपले पक्ष जिथे भांडायला हवं नेमके तिथेच एक होतात.

त्यात इथेनॉलने नवा रंग भरला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं, म्हणजे तेलाची आयात कमी आणि धूरही कमी, असं धोरण. दिल्लीतून बघितलं तर ते हवामानाच्या बाजूचं, उजनीच्या काठावरून बघितलं तर उसाला आणखी एक हक्काचं गिऱ्हाईक. 2023 ला पाऊस दगा देऊन गेला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि 7 डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका फटक्यात बंदी घातली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांची झोप उडाली. थोड्याच दिवसांत बंदी सैल झाली, पुढच्या ऑगस्टमध्ये उठली.

नान्नजच्या माळढोकाची कथाही अशीच तिरपागडी. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते सोलापूर-नगर जिल्ह्यांत मिळून जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात तालुकेच्या तालुके आले, जमिनीचे व्यवहार अडले, पक्ष्याविषयी गावोगाव राग साठला; पुढे ते बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावं लागलं. याच पक्ष्याच्या खटल्यात, राजस्थान-गुजरातमधल्या सौरऊर्जेच्या तारा जमिनीखाली न्याव्यात की नाही यावर वाद चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचं म्हटलं. आणि त्याच निकालात तारांचा सरसकट निर्बंध सैल केला. एकीकडे माळढोक, दुसरीकडे सौरऊर्जा. दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच.

आणि मदतीचं राजकारण वेगळंच. 2023 च्या दुष्काळाच्या पहिल्या यादीत राज्यातले चाळीस तालुके होते. यादी लागली त्या दिवसापासून सत्ताधाऱ्यांचे तालुके किती, विरोधकांचे किती, याची मोजणी सुरू झाली. मग हजाराच्या आसपास महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर करून समजूत घालण्यात आली. 2025 च्या पुरानंतर ओला दुष्काळ जाहीर करा म्हणून विरोधक अडून बसले. नियमावलीत तशी संज्ञाच नाही, सवलती मात्र दुष्काळाच्या देऊ, असं मुख्यमंत्री फडणवीस यांनी सांगितलं आणि 31,628 कोटींचं पॅकेज आलं. 2020 च्या ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीत महाविकास आघाडी सत्तेत होती आणि मदत अपुरी म्हणून भाजपचे नेते बांधावर फिरत होते. भाषणं जवळपास तीच राहिली, वक्ते बदलले.

या सगळ्यात एका निर्णयाने क्षणभर खरा प्रश्न पुढे आणला होता. 2025 च्या गाळप हंगामासाठी उसामागे टनाला पंधरा रुपये घ्यायचे, त्यातले पाच पूरग्रस्तांसाठी. शेतकरी नेते राजू शेट्टी आणि शरद पवारांनी विरोध केला: शेतकऱ्याच्या खिशातून शेतकऱ्यालाच मदत? सरकार म्हणालं, कारखान्यांच्या नफ्यातून घेतोय. बदलत्या हवामानाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हे इतक्या उघडपणे पहिल्यांदाच विचारलं गेलं असेल. दोन आठवड्यांत विषय थंडावला.

गोदावरी खोऱ्यात जायकवाडीसाठी निदान एक सूत्र आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशानुसार, पावसाळा संपताना जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. त्यामुळे भांडणं थांबली असं नाही, दर तुटीच्या वर्षी कोर्टकचेरी होतेच. पण भांडण आकड्यांवर होतं, आणि उन्हाळ्याची वाट न बघता ऑक्टोबरातच होतं. उजनीला असं सूत्र लावा, ही सोलापूरची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. फक्त ती करताना इथल्या पुढाऱ्यांचा आवाज एका ठरावीक पट्टीच्या वर चढत नाही. पुण्याकडे समन्यायी वाटप मागितलं की उद्या तेच अक्कलकोट आणि मंगळवेढ्याची कालव्याच्या टेलची गावं माढा-पंढरपूरकडे मागतील. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मग आवर्तनाच्या तारखेबरोबर उसाचं क्षेत्रही विचारलं जाईल, आणि त्या टेबलाभोवती बहुतेक खुर्च्यांवर चेअरमनच बसलेले असतात.