झाडांचा डॉक्टर : आर्बोरिस्ट

पावसाळा जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी सुरू होते. पण फांदी तोडणं वेगळं आणि झाड जगवणं वेगळं. ते दुसरं काम आर्बोरिस्टचं.

फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं. जखम भरून येते ती या कड्यामुळे. म्हणून काप कड्याच्या जरा बाहेर घ्यायचा. फांदी जड असेल तर तीन काप : आधी खालून अर्धवट, मग थोडं पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते आणि तिथून बुरशी शिरते. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर झाडाचा तोल जातो. असं झाड वादळात कोणाच्या अंगावर पडेल, सांगता येत नाही.

शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा दिला.

या कामात यायचंय? बारावी विज्ञाननंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या किंवा वनशास्त्र शिकता येतं. सोबत दोरावर चढण्याचं प्रशिक्षण हवंच. हेल्मेट, हार्नेस घातल्याशिवाय मात्र झाडावर चढायचं नाही!