कमाटीबागेचे सहा ऋतू

आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या पदरी दरवर्षी दोन नवी वर्षे पडतात. पाडव्याला गुढी उभारून आपले, आणि दिवाळी सरताच कार्तिकात गुजराती शेजाऱ्यांचे. दोन्हींची मिठाई आपण सारख्याच आवडीने खातो. परंतु कमाटीबागेतल्या पिंपळाला कौल लावाल, तर तो चैत्राच्या बाजूने उजवा कौल देईल. माघ-फाल्गुनात पाने टाकून बसलेले हे झाड पाडव्याच्या सुमारास कोवळ्या, तांबूस, उन्हात आरपार दिसणाऱ्या पालवीने भरून जाते. म्हणून मीही माझ्या फोटोंचे वर्ष चैत्रातच सुरू करतो.

गेली सहा वर्षे हा उद्योग चालू आहे. विश्वामित्रीच्या अंगाला असलेल्या एका बाकाजवळ पूर्वेकडे तोंड करून कॅमेरा लावायचा, आणि दर पंधरवड्यास त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच भिंगाने एक फोटो घ्यायचा. ओळखीचे गृहस्थ फिरावयास येतात, थांबतात, आणि विचारतात, “काय हो, अजून तेच झाड?” झाड तेच खरे. पण चोवीस फोटो ओळीने मांडले, की त्यांतले कोणतेही दोन सारखे निघत नाहीत.

पहिला फरक उजेडाचा. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य ऐन माथ्यावर येतो, आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच लपते. ही वेळ घड्याळातल्या बाराची नसते. आपल्याकडे माध्यान्ह साडेबारा उलटल्यावर होतो. डिसेंबरात त्याच घटकेला सूर्य दक्षिणेकडे अर्ध्यावरच अडतो, आणि झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी लांब पडते. सूर्योदयाची जागाही सरकते. ऐन थंडीतला आणि ऐन उन्हाळ्यातला सूर्योदय यांच्या दिशांत पन्नास अंशांचे अंतर आहे. पौषात माझ्या चौकटीत ऊन उजवीकडून शिरते, ज्येष्ठात डावीकडून. बागेत नुसते फिरणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. एका जागी उभे राहणाऱ्याच्या येते.

चैत्राच्या पालवीमागोमाग वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लोंबू लागतो. शेजारी त्याला गरमाळो म्हणतात. मग गुलमोहोर पेटतो. या दिवसांत हवेत धूळ असते आणि आकाश पांढुरके होते, म्हणून मी आभाळ चौकटीत जेमतेम ठेवतो आणि आठाच्या आत काम आटोपतो. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाच्या बुंध्याभोवती पांढऱ्या सुताचे वेढे पडतात. ज्या गावाचे नावच वडावरून आले, त्या गावात वटसावित्रीचा वड हा फोटोसाठी पहिल्या मानाचा. पारंब्यांखालचा काळोख मोठा असतो. कॅमेऱ्यावर सोपवले तर तो त्या काळोखाला राखाडी करून टाकतो. उजेड थोडा कमी घ्यावा, म्हणजे वड वडासारखा दिसतो.

पोथीतला ग्रीष्म आषाढ संपेपर्यंत चालतो. आपल्या आषाढात पाऊस आलेला असतो. पावसाळ्याच्या फोटोंना पुष्कळजण भितात. वास्तविक ढगाळ उजेड हिरव्या रंगाला फार मानवतो. सावल्या मऊ होतात आणि एकाच झाडावर चार-पाच हिरवे रंग वेगळे दिसू लागतात. ओल्या पानांवरची चकाकी मात्र रंग पुसून टाकते. भिंगापुढे पोलरायझर लावून तो हळूहळू फिरवला, की ती उतरते आणि पानाचा खरा रंग वर येतो. नदीच्या काठाशी उतरू नये, हे मगरींच्या गावात राहणाऱ्यांना सांगावयास नको.

शरदात धुतलेली हवा मिळते. नवरात्रात आभाळ इतके निळे असते, की म्युझियमच्या घुमटांमागे ते मुद्दाम रंगवल्यासारखे वाटते. हेमंतात सात-सव्वासातला उजाडते, नदीवर धुके रेंगाळते, आणि तिरप्या उन्हात खोडाची साल, तिच्या भेगा, मुंग्यांची वाटसुद्धा उठून दिसते. शिशिराची गंमत निराळीच. परदेशी कॅलेंडरांवर लालभडक पानगळ ऑक्टोबरात येते. आपली पानगळ वसंताच्या उंबरठ्यावर होते, आणि तीही एकदम होत नाही. एक झाड ओके असते तेव्हा शेजारचे भरगच्च असते. पळस तर पाने टाकून केशरी फुलांनी उभा राहतो. होळीला पाण्यात भिजतो तो हाच, गुजरात्यांचा केसूडो.

हा छंद हौसेचा, हे खरे. पण ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला, शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले, मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हा त्या ढिगातल्या फोटोंना निराळे मोल आले. पाणी ओसरल्यावर खोडांवर राहिलेली चिखलाची रेघ माझ्या फोटोत आहे. डाव्या कडेला एक झाड होते. पुराआधीच्या फोटोंत ते दिसते, नंतरच्या फोटोंत तिथे नुसते आकाश आहे. रोज त्या वाटेने जाणाऱ्या चार जणांना विचारले. तिथे झाड होते, हेच कुणाला आठवेना.

ही बाग सहज उगवलेली नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली ती विश्वामित्रीकाठी आकारास आली. आज तिचा विस्तार सुमारे ११३ एकरांचा मानतात. म्युझियमची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. त्याच सुमारास, १८९३ साली, क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून बडोदे संस्थानच्या बागांवर आले. पुढे १९०८ मध्ये बंगलोरच्या लालबागेचा कारभार त्यांच्याकडे गेला. त्या पिढीने लावलेल्या रोपांची पुरती सावली काही त्यांना मिळाली नाही. ती आपल्याला मिळाली. तिची नोंद ठेवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.

आणि ही नोंद पुष्कळशी आपल्या घरांतच पडून आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी येथील जुन्या घरांत असा आल्बम विरळाच, ज्यात कमाटीबाग नाही. नवी सून, मुंजा बटू, पुण्याहून आलेले व्याही, सगळ्यांना बागेत नेऊन उभे केलेले असते. आपण आजवर त्यांत चेहरेच पाहिले. आता चेहऱ्यांच्या मागे पाहावे. कोणते झाड आहे, त्याला पाने आहेत की नाहीत, सावली कुठल्या बाजूला पडली आहे, यावरून महिना आणि वेळसुद्धा पुष्कळदा सांगता येते. घरात जे वडीलधारे आहेत त्यांना विचारून साल व जागा फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावी. शाईने लिहू नये, ती पुढे झिरपते. मोबाइलमधल्या फोटोंना तारीख आपोआप लागते, तरी वर्षातून चार-सहा कागदावर छापून घ्यावेत.

मग एखाद्या रविवारी तो जुना फोटो घेऊन बागेत जावे. घुमट आणि खोड यांचा मेळ बसेल तिथे उभे राहावे, आणि तोच फोटो पुन्हा घ्यावा. बरोबर नातवंडे असली तर उत्तम. पणजोबा उभे होते ती जागा शोधून काढण्यात मुलांचा तास मजेत जातो, आणि झाडांची नावे दोन्ही भाषांत पाठ होतात ती वेगळीच.