जुना कॉम्प्युटर, फुकटातली हत्यारं आणि एक चेंगरलेलं मांजर

८० मेगाबाइट म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एखादा छोटा व्हिडिओ. १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत एवढ्याच हार्ड डिस्कवर चौदा जण संसार करत होते. डिस्क सारखी भरायची आणि जागा कोणी खाल्ली ते काही कळायचं नाही. प्राध्यापक बेन श्नाइडरमन यांनी यावर तोडगा काढला. सगळ्या फायली एकाच मोठ्या आयतात चौकटी करून बसवायच्या. जेवढी फाइल मोठी, तेवढी तिची चौकट मोठी. या ‘ट्रीमॅप’वर पुढे शेअर बाजाराचे रंगीत नकाशे निघाले, पण मूळ भांडण डिस्कवरच्या जागेचंच.

तेच चित्र आज विनडरस्टॅट हे सॉफ्टवेअर आपल्या डिस्कचं काढून देतं, तेही फुकट. डिस्क तपासली जात असताना पडद्यावर छोटे पॅकमॅन तोंड उघडमीट करत फिरतात, त्यामुळे वाट बघायला कंटाळा येत नाही. मग रंगीबेरंगी ठिगळं उमटतात. सर्वांत मोठ्या ठिगळावर क्लिक केलं की चोर सापडतो. कधी तीन वेगवेगळ्या फोल्डरांत कॉपी केलेलं तेच लग्नाचं शूटिंग, कधी केव्हाच विकून टाकलेल्या फोनचा बॅकअप. आणि कधी ‘हायबरफिल’ नावाची काही गिगाबाइटांची फाइल, म्हणजे हायबरनेटसाठी विंडोजने स्वतःच अडवून ठेवलेली जागा. ती हाताने उडवायची नसते. हायबरनेशन बंद केलं की आपोआप जाते.

सध्या असली हत्यारं बाहेर काढायला निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशिन्स एका रात्रीत ‘जुनी’ ठरली. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट देऊ केले. ३० डॉलर भरा, नाहीतर त्यांच्याच रिवॉर्ड योजनेतले १००० गुण द्या, नाहीतर आपली सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर चढवा. तिसरा मार्ग फुकटातला, आणि बहुतेकांना तोच ठाऊक नसतो.

हत्यार निवडताना मी एकच कसोटी लावतो. जे ‘काय बिघडलंय ते बघ’ म्हणतं, ते ठेवायचं. जे ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ म्हणतं, त्याला उंबरठाही ओलांडू द्यायचा नाही. या दुसऱ्या जातीचा मूळपुरुष म्हणजे १९९५ चं सॉफ्टरॅम. रॅम तेव्हा महाग होती, आणि हे सॉफ्टवेअर म्हणे रॅम दुप्पट करायचं. लाखो प्रती खपल्या. काही जाणकारांनी ते उसवून पाहिलं, तर विंडोज ९५ वर ते रॅम वाढवण्याचं काहीच करत नव्हतं! अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने कंपनीला धारेवर धरलं. आजचे ‘रॅम बूस्टर’ त्याच गोत्रातले.

उसवून बघणारा माणूस

सॉफ्टरॅम उसवणाऱ्यांत मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल ही जोडी होती. १९९६ मध्ये या दोघांनी विंडोजच्या पोटात डोकावणारी छोटी छोटी हत्यारं फुकट वाटायला सुरुवात केली. तीच पुढे सिसइंटर्नल्स नावाने गाजली. २००५ मध्ये रुसिनोविच स्वतःचंच एक हत्यार स्वतःच्याच मशिनवर चालवून बघत होते, आणि त्यात लपून बसलेलं एक सॉफ्टवेअर सापडलं. ते आलं होतं सोनी बीएमजीच्या, दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून. कॉपी रोखण्यासाठी कंपनीने गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर गुपचूप रूटकिट बसवलं होतं. केवढा गदारोळ झाला! सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या, खटले झाले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्सच विकत घेतलं, आणि हत्यारं फुकटच ठेवली. कौतुकच म्हणायचं.

त्यांतलं ऑटोरन्स जुन्या मशिनवर सर्वांत आधी चालवावं. विंडोज सुरू होताना कोण कोण पाठोपाठ घुसतं त्याची संपूर्ण यादी ते देतं. यादी बघून घाम फुटतो, म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या. मग उरतात ते उपरे. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा अपडेटर, तीन वर्षांपूर्वी एकदाच वापरलेल्या मीटिंग ॲपचा मदतनीस, कोणीही न मागितलेला टूलबार. पिवळ्या ओळी म्हणजे मूळ फाइल केव्हाच गेलेली, नुसती नोंद मागे राहिलेली. गुलाबी ओळी म्हणजे बनवणाऱ्याची डिजिटल सही सापडत नाही, तिथे जरा डोळे उघडे ठेवायचे. नोंद डिलीट करू नये, फक्त बरोबरची खूण काढावी. काही अडलंच तर खूण परत करता येते.

त्याचाच भाऊ प्रोसेस एक्सप्लोरर. त्यात नेमबाजाच्या लक्ष्यासारखं एक चिन्ह आहे. ते माउसने उचलून मध्येच उगवलेल्या आगाऊ खिडकीवर सोडलं की ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडली ते तिथल्या तिथे कळतं. आता एक पोरकट गंमत. याच मंडळींनी खोटा निळा पडदा दाखवणारा स्क्रीनसेव्हरही काढला होता. विंडोज कोसळल्याचं दृश्य, मग मशिन रीस्टार्ट होत असल्याचं नाटक. विंडोज एक्सपीच्या जमान्यातल्या मशिनवर तो हुबेहूब वाटतो. ऑफिसात लावणार असाल तर आधी स्वतःचा राजीनामा टाइप करून ठेवा.

डिस्कची तब्येत सांगणारी मुलगी

हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुतेक वेळा कुरकुरते. ती कुरकुर ऐकणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे जपानी हत्यार ‘हियोहियो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचं. त्याची एक आवृत्ती आहे शिझुकू नावाच्या ॲनिमे मुलीची. पडद्यावर ती उभी, आणि डिस्क बिघडली की इशाराही तिच्याच आवाजात. नोकरशाही थाटाचा तक्ता आणि बाजूला मोठ्या डोळ्यांची मुलगी, असं दृश्य दुसऱ्या कुठल्या देशातून येणं कठीण. मुलगी नको असेल तर साधी आवृत्तीही आहे.

निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच्या आज फायली हलवा. तक्त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या. डिस्कवरचे खराब झालेले आणि खराब होऊ घातलेले तुकडे तिथे मोजलेले असतात. शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये असतात, त्यामुळे ते बघून भलतेच घाबरणारे पुष्कळ. सेटिंगमधून दशमान करून घ्या.

साफसफाईतलं राजकारण

ब्लीचबिट हे टाकाऊ फायली पुसणारं मुक्त सॉफ्टवेअर. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणात त्याचं नाव आलं आणि रातोरात प्रकाशझोतात गेलं. वादविवादाच्या मंचावरून डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की ही ब्लीच करण्याची पद्धत फार महागडी असते. किंमत होती शून्य डॉलर.

सीसीक्लीनरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एके काळी प्रत्येक कॉम्प्युटरवाला नव्या मशिनवर हेच आधी टाकायचा. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेत शिरून अधिकृत आवृत्तीत विषारी कोड मिसळला, आणि तो सुमारे २२.७ लाख मशिन्सपर्यंत पोचला. म्हणजे अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेलं असूनही दगा. माझं मत विचाराल तर विंडोजमधलं डिस्क क्लीनअप पुरतं. रजिस्ट्री ‘साफ’ केल्याने मशिन पळू लागल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

डीफ्रॅगमेंटरसारख्या गरीब हत्यारावरूनही जर्मनीत वादळ उठलं होतं. विंडोज २००० मधला डीफ्रॅगमेंटर ज्या कंपनीने बनवला, तिचा प्रमुख सायंटॉलॉजी पंथाचा. जर्मनीत या पंथाकडे संशयाने बघतात. शेवटी मायक्रोसॉफ्टला तो काढून कसा टाकायचा याच्या सूचना द्याव्या लागल्या. मशिनमध्ये एसएसडी बसवली असेल तर डीफ्रॅगचा मोह तसाही टाळा. तिथे फायलींचे विखुरलेले तुकडे जवळजवळ आणून वेग वाढत नाही, नुसती झीज होते.

आता झटपट काही. एव्हरीथिंग: फायली शोधणारं. प्रत्येक फोल्डर धुंडाळत बसण्यापेक्षा ते एनटीएफएस डिस्कची मूळ नोंदवहीच वाचतं, म्हणून नाव टाइप करता करता फाइल समोर येते, नाव देवनागरीत असलं तरी. सेव्हन-झिप: रशियाच्या इगोर पाव्हलोव्ह यांचं, १९९९ पासून फुकट. विनरार ४० दिवसांच्या चाचणीनंतर पैशांची आठवण करून देतं, हे तेवढंही करत नाही. निनाइट: हवी ती सॉफ्टवेअर एकदम उतरवतं आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक टूलबारला परस्पर ‘नको’ म्हणतं.

इरफानव्ह्यू हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर १९९६ पासून एकटे इरफान स्किलियान लिहितात. मूळचे बोस्नियाच्या यायत्से गावचे, शिकायला व्हिएन्नात गेलेले. चिन्हावरचा तो लाल आकार म्हणजे रस्त्यावर चेंगरलेलं मांजर. नीट बघितलं नसेल तर आता बघा. व्हिडिओ लावणाऱ्या व्हीएलसीचा नारिंगी कोनही असाच, पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यांवरून गोळा केलेल्या कोनांवरून आलेला. नाताळात तो सांताची टोपी घालतो. २००५ च्या लग्नाची व्हीसीडी आजही विनातक्रार लावणाऱ्या या बिचाऱ्याचं संकेतस्थळ २०२२ मध्ये भारतात काही महिने बंद होतं!

जुनं मशिन मुद्दाम ठेवणारे

महाराष्ट्रात एक्सपी अजून जिवंत आहे तो डीटीपीवाल्यांच्या कृपेने. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पंचायतीच्या नोटिसा अशी वर्षानुवर्षांची कामं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व श्री-लिपी फॉन्टमध्ये पडलेली. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, पुढची आवृत्ती कधी निघालीच नाही. वर मागे यूएसबीत खोचलेला लॉक, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. इन्स्टॉलची सीडी हरवलेली, ती ज्याच्याकडून घेतली त्याचं दुकान बंद. अशा मशिनसाठी तैवानचं क्लोनझिला. अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरते, फॉन्टसकट, सेटिंगसकट. हे काम डिस्क मरण्याआधी करायचं असतं. लॉकची नक्कल मात्र ते करत नाही. आणि अशा मशिनला इंटरनेटची वायर जोडूच नये.

क्लोनझिला, लिनक्स किंवा विंडोज पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तर रुफस. आयर्लंडमधल्या पीट बटार्ड यांचं हे हत्यार एखाद-दोन मेगाबाइटचं, आणि त्याचा खरा उपयोग एका विचित्र जागी कळतो. विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत मोठा पेनड्राइव्ह एफएटी३२ करायला गेलं की ३२ गिगाबाइटच्या पुढे ती ऐकतच नाही. ही खिडकी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह प्लमर यांनी एका पावसाळी गुरुवारी सकाळी केली. टास्क मॅनेजरही यांचाच. खिडकी तात्पुरती होती, पुढे कोणीतरी नीट करणार होतं. ३२ चा आकडाही त्याच सकाळी ठरला. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणीच्या आवृत्तीत मर्यादा २ टेराबाइटवर नेली, पण तीही फक्त कमांड लाइनवर. खिडकी होती तशीच राहिली. ६४ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह जुन्या कार स्टिरिओला चालवायचा असेल तर तो रुफसकडूनच फॉरमॅट करून घ्या.