डोळा गेला, पण चूक कुणाची? नेत्रतज्ज्ञाच्या साक्षीविषयी

आज बोलूया कोर्टात साक्ष देणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांबद्दल.

समजा, कान्हे गावातल्या एक आजी लोकलने पुण्याला गेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवसांत त्या डोळ्याने दिसेनासं झालं. घरचे म्हणतात, डॉक्टर चुकले. डॉक्टर म्हणतात, असं कधीकधी होतं. न्यायाधीश काही डॉक्टर नसतात. मग ठरवायचं कसं?

अशा वेळी कोर्ट तज्ज्ञाचं मत विचारात घेतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये तशी सोय आहे. तज्ज्ञाला एकच सांगायचं असतं: त्या परिस्थितीत बऱ्यापैकी जाणकार नेत्रतज्ज्ञाने काय केलं असतं? ऑपरेशनमध्ये लेन्समागचा पातळ पडदा फाटणं हा माहीत असलेला धोका आहे; तेवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पण नंतर डोळा लाल झाला, ठणकायला लागला, आजी दाखवायला गेल्या आणि नुसते थेंब देऊन परत पाठवलं, तर गोष्ट वेगळी.

एक खरा खटला पाहा. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या काही आठवड्यांत तपासावा लागतो. तो तपासला नाही, आईवडिलांना सांगितलंही नाही. मुलीची दृष्टी गेली. या प्रकरणात एम्सच्या डॉक्टरांचा अहवाल मागवला गेला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई दिली. सगळा प्रश्न तपासणी वेळेत झाली का, याचाच होता.

डॉक्टरांनाही संरक्षण आहे बरं का. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी पोलिसांनी त्याच शाखेच्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यायचं असतं.

आणि तज्ज्ञ म्हणाला म्हणजे झालं, असंही नाही. मतामागची कारणं द्यावी लागतात, उलटतपासणी होऊ शकते. शेवटचा निर्णय न्यायाधीशांचाच.

म्हणून आजींच्या घरच्यांना एवढंच सांगेन: आधी कागद गोळा करा. केसपेपर, ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र, नंतरच्या भेटींच्या तारखा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात, असा नियम आहे. कारण तज्ज्ञाने आजींचा तो दिवस पाहिलेला नसतो. त्याला दिसतात ते कागदच.

भेटूया पुढच्या भागात. डोळे जपा!