मामेभावाचे मूत्रपिंड चालेल काय?

(बहारीनमधील मराठीभाषक यहुदी कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आपली कुटुंबे तीन देशांत विखुरलेली आहेत. कोणी ठाण्यात, कोणी अश्दोदला, आपण येथे मनामात. अश्दोदच्या नातलगाचे मूत्रपिंड निकामी झाले, की घरचे म्हणतात, “मुंबईला मामेभाऊ आहे, तो देईल, तिकडेच शस्त्रक्रिया करू.” मामेभाऊ आनंदाने देईलही, परंतु रुग्ण इस्रायलचा नागरिक असेल, तर भारतीय कायदा त्यास परवानगी देत नाही.

भारताचा १९९४ चा कायदा प्रथम केवळ अवयवांपुरता होता. २०११ च्या दुरुस्तीने त्यात त्वचा, हाडे, कॉर्निया, हृदयाच्या झडपा अशी ऊतकेही आली. रक्त वगळलेले आहे. घेणारा परदेशी आणि देणारा भारतीय असेल, तर ते जवळचे नातेवाईक असलेच पाहिजेत, आणि तरीही प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी लागते. जवळचे म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुले, सख्खी भावंडे, आजी-आजोबा व नातवंडे. मामा, मावशी, चुलत, आते, मावस यांस आपण घरचेच मानतो. त्या यादीत ते नाहीत. ओसीआय कार्डधारकही येथे परदेशीच ठरतो.

ही यादी मला अरुंद वाटते. तरी गरजू माणसास “चुलतभाऊ” म्हणून उभे करून त्याचे मूत्रपिंड विकत घेणारे दलाल असतात, हेही खरे. अवयवाच्या व्यापारास पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. ऊतकांसाठी एक ते तीन वर्षे. बहारीनच्या १९९८ च्या आणि इस्रायलच्या २००८ च्या कायद्यानेही विक्री निषिद्ध आहे.

दात्यास धोके समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे. दाता स्त्री असल्यास तिची स्वतंत्र संमती घेणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीने पडताळावी, असा नियम आहे. रुग्णालयात पत्नी किंवा आईच बहुधा पुढे येते; म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

नाते जवळचे असले, तरी परदेशी व्यक्तीसाठी तिच्या देशाच्या दूतावासाने ते प्रमाणित करावे लागते. एका भावाच्या पासपोर्टावर गावाचे ‘-कर’ आडनाव आणि दुसऱ्याच्या पासपोर्टावर हिब्रू नाव असेल, तर जन्मदाखले आधीच जुळवून ठेवावेत. पती-पत्नींनी केतुब्याबरोबर विवाहनोंदणीचा दाखलाही जवळ ठेवावा.